संगणक मंद का झाला?

मागच्या सोमवारी शाळेचा संगणक फारच मंद झाला. एक चित्र उघडेपर्यंत अख्खा पाढा म्हणून होई! कोणी म्हणाले, विषाणू शिरला, सगळे पुसून टाका. पण त्यात आमच्या गेल्या वर्षीच्या सहलीचे फोटो आहेत ना!

गुरुजींनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडला. आत कोणती कामे चालू आहेत ते त्यात दिसते. 'डिस्क'वर टिचकी मारली, तर सगळ्यात वर नाव आले 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल'. मालवेअर म्हणजे वाईट प्रोग्राम, म्हणून आम्ही घाबरलो. गुरुजी म्हणाले, "अरे, अँटी म्हणजे विरुद्ध. हा तर राखणदार!" तो विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. नव्या फायली आल्या की तपासतो. त्याच सकाळी पेनड्राइव्हमधून स्नेहसंमेलनाचे खूप फोटो भरले होते. शिवाय आमची डिस्क जुनी, फिरणारी. ती एका वेळी एकाच जागचे वाचते, म्हणून बाकीची कामे अडतात.

पण खरे नाव लावून चोरही येऊ शकतो. म्हणून नावावर उजवी टिचकी मारून 'ओपन फाइल लोकेशन' पाहिले. फोल्डर 'विंडोज डिफेंडर'चाच निघाला. मग संगणक चालूच ठेवून आम्ही खिचडी खायला गेलो. परत आलो तर डिस्क १०० टक्क्यांवरून ३ वर!