आभासी कट्ट्यामुळे कन्सोलचं मोल वाढतं का? प्रश्न संशोधनाचा कसा करायचा



पेट आणि नेट-सेटची तयारी करणाऱ्यांच्या बोलण्यात हल्ली ‘मेटाव्हर्स आणि गेमिंग’ हा विषय फार येतो. प्रस्तावातलं पहिलं वाक्य साधारण असं असतं: ‘आभासी सामाजिक जगामुळे गेमिंग उपकरणांचं मूल्य वाढतं.’ ऐकायला छान आहे. पण समितीतल्या कोणी विचारलं, ‘कोणासाठी वाढतं? कशाच्या तुलनेत?’ तर काय सांगाल? या दोन प्रश्नांची तयारी नसेल, तर पुढची चार-पाच वर्षं अशा वाक्यामागे जातात जे खरंही ठरत नाही आणि खोटंही. म्हणून आज एक बंद पडलेलं उदाहरण घेऊ. बंद पडलेल्या गोष्टीचा हिशोब मांडायला सोपा जातो.

सोनीने वसवलेलं गाव

मार्च २००७ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ साठी ‘प्लेस्टेशन होम’ जाहीर केलं. ११ डिसेंबर २००८ रोजी ते सगळ्यांसाठी खुलं झालं. कल्पना साधी होती. कन्सोलवर आपला एक अवतार तयार करायचा, चौकात फिरायचं, अनोळखी लोकांशी गप्पा मारायच्या, थिएटरमध्ये जायचं, बोलिंग खेळायचं. राहायला स्वतःचं घरही मिळायचं. प्रवेश फुकट, पण कपडे आणि फर्निचर खऱ्या पैशांत विकत. ३१ मार्च २०१५ ला हे गाव बंद झालं. तोपर्यंत त्यावरचा ‘बीटा’ हा शिक्का काही निघाला नाही.

सुरुवातीला तिथे गंमत झाली. खेळांच्या यंत्रांपुढे आणि बोलिंगच्या लेनपुढे रांगा लागल्या, कारण एका यंत्रावर एका वेळी एकच जण खेळू शकायचा. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर रांग लागते, कारण गाडीत जागा मोजक्याच असतात. सॉफ्टवेअरमध्ये यंत्राच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात. तरी तिथे टंचाई मुद्दाम आणली होती, खऱ्या जगासारखं वाटावं म्हणून. ज्याला फक्त खेळायचं होतं, त्याच्यासाठी ही अडचणच. ज्याला रांगेत ओळखी करायच्या होत्या, त्याला मात्र ती आवडलीही असेल. म्हणजे एकाच सोयीचं मोल दोन माणसांसाठी उलटसुलट निघू शकतं. ‘कोणासाठी?’ हा प्रश्न इथून येतो.

मोल म्हणजे फरक

आता दुसरा प्रश्न. एखाद्या सोयीचं मोल म्हणजे ती असताना जे घडतं आणि ती नसती तर जे घडलं असतं, यातला फरक. ‘नसती तर’ हा भाग आपल्याला दिसत नाही, आणि सगळी कसरत तिथेच असते.

बऱ्याच प्रस्तावांत त्याऐवजी तीन आकडे येतात: किती लोक आले, किती वेळ थांबले, किती खर्च केला. समजा, होममध्ये जाणारे लोक जास्त गेम विकत घेत होते असं दिसलं. मग होममुळे ते जास्त घेत होते, की मुळात जास्त हौशी होते म्हणून होममध्येही जात होते? मांडवीच्या किनाऱ्यावर रोज फिरणाऱ्यांची तब्येत चांगली दिसते. फिरण्यामुळे तब्येत चांगली, की तब्येत धड आहे म्हणून रोज फिरता येतं? याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. नमुना हजाराचा असो की लाखाचा, तो आपोआप जात नाही.

आपोआप घडलेले प्रयोग

काही वेळा परिस्थितीच आपल्यासाठी तुलना तयार करते. इथे तशा चार तुलना सापडतात.

पहिली: नोव्हेंबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० ला अवतार दिले, आणि सोबत आठ मित्रांचा गट करून बोलायची सोय दिली. प्रत्येक जण वेगळा गेम खेळत असला तरी गप्पा चालू. तिथे चौक नव्हता, बागही नव्हती. सोनीने त्याच सुमारास अख्खं गाव दिलं, पण वेगवेगळे गेम खेळत असताना एकत्र बोलायची सोय प्लेस्टेशन ३ ला शेवटपर्यंत मिळाली नाही. आता विक्री बघा. दोन्ही यंत्रं आठ कोटींच्या वर खपली. विक्रीच्या आकड्यावरून कोणाचं उत्तर बरोबर, ते कळत नाही.

दुसरी: एप्रिल २०११ मध्ये हॅकिंगमुळे सोनीचं ऑनलाइन जाळं तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद होतं. वाटतं की हा उत्तम प्रयोग आहे. पण त्या काळात होम, ऑनलाइन खेळ आणि दुकान सगळं एकदम बंद होतं. मग परिणाम नेमका कशाचा, हे वेगळं कसं काढणार?

तिसरी: नोव्हेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला. त्यात होम नव्हतं. गटात बोलायची सोय आणि खेळाचा व्हिडिओ पाठवायचं बटण होतं. तो ११ कोटींहून जास्त विकला गेला, प्लेस्टेशन ३ पेक्षा बराच जास्त. ‘म्हणजे होम निरुपयोगी!’ असं म्हणायची घाई करू नका. अमेरिकेत प्लेस्टेशन ३ चं महागडं मॉडेल ५९९ डॉलरला आलं होतं, प्लेस्टेशन ४ आला ३९९ ला. दोन गोष्टी एकदम बदलल्या की श्रेय वाटता येत नाही.

चौथी आपल्याकडची. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइलवर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला. मधल्या काळात त्या लॉबीत रोज भेटणाऱ्या पोरांचे गट कुठे गेले? दुसऱ्या गेमकडे, व्हॉट्सॲपवर, की फुटले? गट टिकून नुसतीच जागा बदलली असेल, तर मोल जागेचं नव्हतं, ओळखींचं होतं. हे आजही विचारता येईल, फक्त लोकांच्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा ते आधी ठरवावं लागेल.

मोल कोणाच्या खिशात?

अजून एक गुंता आहे. फोर्टनाइटमध्ये लोक गाण्याच्या कार्यक्रमालाही जमतात. पण सप्टेंबर २०१८ मध्ये सोनीने इतर यंत्रांवरच्या खेळाडूंसोबत खेळायची परवानगी दिल्यापासून तो कट्टा कुठल्याही यंत्रावरून गाठता येतो. तिथे जे मोल तयार होतं, ते गेमला मिळतं की कन्सोलला? उलट पुण्यात तयार झालेला ‘राजी’ घ्या. २०२० मध्ये तो आधी निन्टेन्डो स्विचवर आला. एकट्याने खेळायची गोष्ट, त्यात कुठलंही सामाजिक जग नाही. तरी तो गेम हवा असलेल्यासाठी त्या यंत्राचं मोल वाढलंच.

माझं मत असं, की लोकांना मित्रांपर्यंत लवकर पोचायचं असतं. आभासी जग ती वाट छोटी करत असेल तर मोल वाढतं, आणि लांबवत असेल तर ते नुसती सजावट होतं. वरच्या उदाहरणांमधून हे सूचित होतं, सिद्ध होत नाही. सिद्ध करायचं काम तुमचं.

रत्नागिरीत बसून काय करता येईल?

मोठा निधी लागत नाही. एकमेकांना ओळखणारे चार-चार जणांचे गट घ्या. एका आठवड्यात त्यांना फक्त फोनवर बोलून जमू द्या, दुसऱ्या आठवड्यात आभासी जागेत. निम्म्या गटांना हा क्रम उलटा द्या, म्हणजे सवयीचा परिणाम वेगळा काढता येईल. मोजायचं काय? एकत्र खेळ सुरू व्हायला किती मिनिटं लागली आणि पुढच्या आठवड्यात स्वतःहून किती जण परत आले. १८ वर्षांखालची मुलं असतील तर पालकांची लेखी संमती आणि नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या.

आणि प्रस्तावातलं पहिलं वाक्य बदला: ‘आधीपासून ओळख असलेल्या खेळाडूंमध्ये, फक्त आवाजाच्या सोयीच्या तुलनेत, आभासी जागेमुळे एकत्र खेळायला लागणारा वेळ कमी होतो का?’ हे वाक्य पहिल्यापेक्षा रुक्ष आहे. पण याचं उत्तर ‘नाही’ आलं, तरी तुमच्या हातात एक निष्कर्ष असेल.