टॅगचं आडनाव तपासा

कर्जाचा ऑनलाइन अर्ज भरला की तो पतपडताळणी, मंजुरी, ग्राहकाला निरोप अशा टप्प्यांतून जातो. असे टप्पे गुंफण्यासाठी ‘ओॲसिस’ या मानक संस्थेनं २००७ मध्ये ‘डब्ल्यूएस-बीपेल २.०’ ही भाषा प्रमाणित केली. त्यात टप्प्याटप्प्याची माहिती एक्सएमएल रूपात व्हेरिएबलमध्ये राहते.

नव्या व्हेरिएबलमध्ये काहीच नसतं, रक्कम लिहायला टॅगसुद्धा नसतो. म्हणून प्रक्रिया रचायचा एडिटर स्कीमा, म्हणजे माहितीच्या रचनेचा आराखडा, वाचून कोरा सांगाडा आपणहून तयार करून देतो. काम वाचतं, पण प्रक्रिया अडकते तीही बऱ्याचदा इथेच.

एक्सएमएलमध्ये टॅगची नावं देवनागरीतही चालतात, म्हणून उदाहरण मराठीतच घेऊ:

<क:अर्ज><रक्कम></रक्कम></क:अर्ज>

इथला ‘क’ म्हणजे नेमस्पेसचा उपसर्ग. नेमस्पेस हे टॅगचं आडनाव समजा. स्कीमात वेगळं काही सांगितलं नसेल, तर आडनाव बाहेरच्या ‘अर्ज’ला असतं, आतल्या ‘रक्कम’ला नसतं. सांगाड्यात मात्र उपसर्ग न लावता तीच नेमस्पेस ‘अर्ज’वर जाहीर झाली, तर ती आतल्या ‘रक्कम’लाही लागू होते. पुढे एक्सपाथ, म्हणजे एक्सएमएलमधला टॅग शोधणारं सूत्र, बिनआडनावाची ‘रक्कम’ शोधतो. ती सापडत नाही आणि ‘सिलेक्शन फेल्युअर’ची चूक येते. पडद्यावर टॅग दिसत असतो, म्हणून माणूस भलतीकडेच शोधत बसतो. उपाय वरच्या ओळीतच आहे: उपसर्ग फक्त बाहेरच्या टॅगला लावायचा.

दुसरी अडचण कोऱ्या जागेची. नुसत्या मजकुराला कोरी जागा चालते. पूर्णांकाला किंवा तारखेला नाही. कोरं म्हणजे शून्य नव्हे. तिथे योग्य मूल्य भरावं किंवा घटक ऐच्छिक असेल तर काढून टाकावा. स्कीमाची परवानगी असेल तर त्यावर ‘निल’ अशी खूणही करता येते.

निदानाचा क्रम सोपा आहे. आधी लॉगमधलं व्हेरिएबलचं प्रत्यक्ष मूल्य बघा, मग ते स्कीमाशेजारी ठेवून एकेका टॅगची नेमस्पेस जुळवा. बीपेलमध्ये ‘व्हॅलिडेट’ची सोय आहे, मूल्य भरल्याबरोबर ती वापरली, तर चूक जिथे झाली तिथेच सापडते.

एडिटरला फक्त स्कीमा कळतो, पुढचा टप्पा काय मागणार हे कळत नाही. ते प्रक्रिया रचणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून तयार मिळालेला सांगाडा ओळीनं वाचूनच पुढे जावं. अडकणाऱ्या अर्जामागे पैशांची वाट पाहणारं एक घर असतं.