टर्कीच्या हंगामातला एक दिवस

पहाटे ३.३०
अमेरिकेतलं मिझुरी राज्य, त्याच्या दक्षिणेकडच्या ओझार्कच्या टेकड्या, शॅनन काउंटी. एप्रिलचा शेवटचा आठवडा. स्वयंपाकघरात एकच दिवा लागलाय. गाईड उभ्यानेच कॉफी पितोय. पासष्टी ओलांडलीय, गुडघे दुखतात, पण रानटर्कीच्या हंगामाचे तीन आठवडे त्याला गजर लागत नाही. कपडे रात्रीच खुर्चीवर काढून ठेवलेत. पानाफांद्यांच्या छापाचा शर्ट, तशीच पँट, हातमोजे, तोंडावर ओढायची जाळी. गोचिडी चढू नयेत म्हणून सगळ्यावर औषध फवारून वाळवलंय. लाल, पांढरं, निळं काहीही नाही. मोजेसुद्धा तपकिरी. नर टर्कीच्या डोक्याचे हेच तीन रंग. अंधुक उजेडात झुडपाआड लाल रुमाल हलला, तर दुसऱ्या शिकाऱ्याची बंदूक तिकडे वळू शकते.

पहाटे ३.५०
जाकिटाला बरेच खिसे आहेत आणि प्रत्येक खिशाचं काम ठरलेलं आहे. डावीकडे टर्कीची हाक काढायचा लाकडी पेटीचा कॉल. त्याला रबर बँड लावलंय, नाहीतर चालताना झाकण घासून आवाज होतो. उजवीकडे पाटीच्या दगडाची चकती आणि ती घासायची काडी. वरच्या खिशात तोंडात धरायचे रबरी पडद्याचे कॉल. ते दहा-दहा डॉलरचे, हंगामात तीन-चार तरी झिजतात. मागच्या पिशवीत पाणी, सँडविच, बसायची गादी. बॅटरीवर वाजणारे कॉल इथे चालत नाहीत. आवाज हाताने किंवा तोंडानेच काढायचा.

पहाटे ४.२०
शेताच्या फाटकाशी एक गाडी थांबलीय. आजची पाहुणी कॅन्सस सिटीची परिचारिका. रात्रपाळ्यांचे जादा पैसे साठवून आलीय. पहिलाच हंगाम. १ जानेवारी १९६७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परमिटआधी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तो तिने हिवाळ्यात केला. एका दिवसाचे ५०० डॉलर शेतमालक घेतो. त्यातले २०० गाईडचे. पेट्रोल त्याचं त्याने घालायचं.

गाईड आधी तिची बंदूक बघतो. आत काडतूस नाही, सेफ्टी लावलेली. तिने पाच काडतुसांची महागातली डबी आणलीय, एकेक दहा डॉलरच्या वर. गाईडच्या खिशात साधी शिशाची, दोन डॉलरला एक. "चाळीस पावलांच्या आत आला, तर दोन्ही सारखीच," तो म्हणतो. "त्यापलीकडे असला, तर बंदूक उचलायचीच नाही."

पहाटे ४.४५
चढ लागतो. टॉर्च लावायची नाही. ओक आणि हिकरीची झाडं, खाली ओला पाचोळा. डॉगवुडची पांढरी फुलं अंधारातही दिसतात. रातव्याच्या जातीचा एक पक्षी सारखा ओरडतोय. गाईड वाकून जमीन चाचपतो. मक्याचे दाणे कुठे पडलेत का, हे बघतोय. आमिष टाकून शिकार करणं गुन्हा आहे. दाणे पूर्ण उचलले, तरी पुढचे दहा दिवस ती जागा बाद. शेजारच्या शेतातून कुणी हरणांसाठी दाणे टाकले असतील, तर आपण दुसरीकडे बसायचं.

पहाटे ५.२५
एक जाड ओक निवडलाय. खोड खांद्यांहून रुंद हवं. मागून कुणी आलं तर आड होतं आणि पुढून आपली आकृती झाडात मिसळते. पाहुणी बुंध्याला टेकून बसते, गुडघा वर, बंदूक गुडघ्यावर. गाईड तिच्या डाव्या खांद्यामागे.

पूर्वेला थोडं फटफटतं. गाईड दोन्ही हात तोंडाशी धरून घुबडाचा आवाज काढतो. क्षणात वरच्या फांद्यांतून उत्तर येतं. गळ्यातून फुटलेला, गडगडत खाली येणारा आवाज. नर अजून रातथाऱ्यावरच आहे. घुबड, कावळा, ढगांचा गडगडाट, कशालाही तो असा दचकून उत्तर देतो. उत्तर दिलं की त्याचा पत्ता लागतो. गाईड पुन्हा घुबड काढत नाही. एकदा कळलं, तेवढं पुरे.

पहाटे ५.४८
सूर्योदयाला अर्धा तास आहे. आता कायद्याने गोळी चालवता येते. गाईड खिशातल्या कॉलला हात लावत नाही. पानांतून जड पंखांची फडफड होते. आधी माद्या उतरतात, एक, दोन, तीन. मग नर. तो छाती फुगवतो, शेपूट पंख्यासारखी उभारतो, पंखांची टोकं जमिनीला घासत गोल फिरतो. मोर आणि टर्की एकाच कुळातले, हे त्या फिरण्यात दिसतं. डोकं आत्ता पांढरं होतं, आत्ता निळं, गळ्याशी लालभडक. चोचीवरून मांसल तुरा लोंबतोय.

आता गाईड चकतीवर काडी हलकेच फिरवतो. मादीची हाक. नर मान वर करतो, उत्तर देतो, पण येत नाही. सोबत तीन माद्या असताना चौथीच्या मागे तो कशाला येईल? सगळी मंडळी उतारावरून पलीकडे निघून जातात.

पाहुणीचा चेहरा पडतो. गाईड गादी नीट करून पुन्हा बसतो.

सकाळी ७.३०
पाचोळा वाजतो. डावीकडून एक नर येतोय, गडबडीत. छातीवरची दाढी बोटभर. शेपटीच्या मधली पिसं बाजूच्यांपेक्षा लांब. वर्षाचं पोर आहे. पंचवीस पावलांवर येऊन उभं राहतं. दाढी दिसते, म्हणजे नियमाने मारता येतो. पाहुणीचं बोट सेफ्टीकडे जातं.

"परमिट तुमचं आहे," गाईड ओठ न हलवता म्हणतो. "तुम्ही ठरवा. हा पुढच्या वर्षी दोन वर्षांचा होईल."

ती बोट मागे घेते. पोर दोन मिनिटं इकडेतिकडे बघतं आणि निघून जातं. गाईडच्या बक्षिसीची निम्मी आशा त्या पोराबरोबर गेलेली असते. पण तो काही बोलत नाही.

सकाळी ९.१०
सँडविच. पाय मोकळे करणं नाही, फक्त एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर. टर्कीला वास फारसा येत नाही, पण डोळे जबरदस्त. मान थोडी वळवली की चहूकडचं दिसतं. डास चावला तरी हात हलवायचा नाही.

गाईड हळू आवाजात सांगतो. त्याच्या आजोबांना मोठेपणीही या डोंगरात टर्की क्वचितच दिसली. जंगल तोडलेलं, बारा महिने शिकार. १९३७ मध्ये राज्याने हंगामच बंद केला. तरी १९५० च्या सुमाराला सगळ्या मिझुरीत अडीच हजारांहून कमी पक्षी उरले. आधी पाळीव टर्की आणून सोडल्या. त्या कोल्ह्याच्या तोंडी गेल्या, रानात राहायला शिकल्याच नाहीत. मग १९५४ पासून विनोनाजवळच्या पेक रँचवर रानातले पक्षी धरायला सुरुवात झाली. आडोशामागे बसायचं, कळप जवळ आला की तोफांसारख्या नळ्यांतून जाळं उडवायचं. धरलेले पक्षी खोक्यांत घालून दुसऱ्या काउंटीत नेऊन सोडायचे. पंचवीस वर्षांत २,६११ पक्षी असे हलवले. १९६० मध्ये हंगाम पुन्हा उघडला, तीन दिवसांचा, फक्त १४ काउंट्यांत. सगळे मिळून ९४ पक्षी मिळाले.

"माझ्या वडिलांनी एक खोकं उघडताना बघितलं," तो म्हणतो. "पक्षी बाहेर आला आणि सरळ झाडात गेला. वडील म्हणाले, आता आपण याच्या मागे जायचं नाही. आणि सहा वर्षं गेले नाहीत."

सकाळी १०.२०
आता खरी वेळ. माद्या एकेक करून अंडी घालायला घरट्याकडे जातात. घरटं म्हणजे जमिनीवरचा खळगा. रोज एक अंडं, दहा-बारा झाली की अठ्ठावीस दिवस त्यांच्यावर बसायचं. त्या गेल्या की नर एकटा पडतो.

गाईड रबर बँड काढतो. पेटीचं झाकण एकदा ओढतो, दोनदा, तीनदा. ताबडतोब उत्तर येतं, पलीकडच्या उतारावरून. तो कॉल जमिनीवर ठेवतो आणि हात मांडीवर. पुढची पंधरा मिनिटं काहीच करत नाही. शेवटी फक्त बोटांनी पाचोळा खरवडतो. मादी चरतेय असं वाटावं म्हणून.

सकाळी १०.४०
आधी छातीतून येणारा बारीक घूं ऐकू येतो. मग झाडांच्या मधून पांढरं डोकं. पन्नास पावलं. चाळीस. नर एका खोडामागे जातो, तेवढ्यात पाहुणी बंदूक खांद्याला लावते. तो बाहेर येतो, मान उंच करतो. तीस.

आवाज टेकड्यांतून फिरून येतो. पक्षी जागीच पडतो. पाहुणी उठू लागते, गाईड खांद्यावर हात ठेवतो. "आधी सेफ्टी. मग काडतूस बाहेर. मग चाला."

सकाळी ११.००
ती गुडघ्यावर बसते, पंखांवरून हात फिरवते. दुरून काळी दिसणारी पिसं जवळून तांब्याची, हिरवी, जांभळी. दाढी दहा इंच. पायामागचा काटा इंचभर, टोकदार. म्हणजे किमान तीन वर्षांचा. तराजूवर वजन २१ पौंड.

गाईड चाकू पुढे करतो. परमिटवरचा महिना आणि तारीख तिथेच कापायची. मग फोनवरून नोंद. तीही रात्री दहाच्या आत व्हावी लागते. काउंटी, नर, दाढी, काटा. पडद्यावर एक क्रमांक येतो, तो ती परमिटवर लिहिते. हे परमिट स्थानिक माणसाला वीस डॉलरच्या आत पडतं, बाहेरच्याला दोनशेच्या वर. बंदुका-काडतुसांवर ११ टक्के कर वेगळा. १९३७ च्या कायद्याने तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो.

दुपारी १२.१५
शेडमध्ये टेबल. गाईड छातीचे दोन तुकडे काढतो, पाय वेगळे करतो. छाती ताकात भिजवून तळायची. पायांत कडक शिरा असतात, ते दिवसभर मंद आचेवर शिजवायचे आणि मांस सोडवायचं. पंखांतली तीन हाडं तो बाजूला ठेवतो. साबणाच्या पाण्यात उकळून, एकात एक बसवून त्यांची फुंकणी होते. ओठांनी हवा आत ओढली की मादीची हाक निघते. इथले मूळ रहिवासी असे कॉल शतकानुशतकं करत आलेत.

पहाटेपासून मी त्याच्यासोबतच आहे. हात चालू असताना तो मला विचारतो, तुमच्याकडे हंगाम कधी असतो. मी सांगतो, भारतात १९७२ च्या कायद्याखाली शिकार बंद आहे. तो मान डोलावतो. "पक्षी राहिले का?" मी माळढोकाचं सांगतो. महाराष्ट्रात नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य आहे, आणि आता तिथे तो दिसणं मुश्कील. चाकू थोडा वेळ थांबतो.

पाहुणी जाताना ८० डॉलर बक्षिसी ठेवते.

दुपारी १.००
सरकारी जमिनीवर वसंतातली टर्कीची शिकार एकला थांबते. खासगी जमिनीवर २०२५ पासून सूर्यास्तापर्यंत परवानगी आहे. शेतमालकाला दुपारच्याही पाहुण्यांचं बुकिंग घ्यायचंय. गाईड दुपारी रानात कुणाला नेत नाही. अंड्यांवरची मादी उठवली, तर ती परत येईलच असं नाही.

दुपारी ३.००
झोप तासाभराची. मग गॅरेजमधलं सुतारकाम. सीडरच्या फळ्या गावातल्या लाकडाच्या वखारीतून. पेटी सीडरची, झाकण अक्रोडाचं. हेन्री गिब्सन या आर्कान्सातल्या माणसाने १८९७ मध्ये अशा पेटीच्या कॉलचं पेटंट घेतलं. मूळ रचना अजून तीच आहे.

ठोकळा आतून कोरून झालाय. उरलंय ते बाजूच्या भिंती पातळ करणं. गाईड कानस दोनदा फिरवतो, झाकणाला खडू लावतो, ओढतो. आवाज चिरका. पुन्हा दोनदा कानस. पुन्हा खडू. आता आवाज वर उंच सुरू होतो आणि मध्येच फुटून जाड होतो. मादीच्या हाकेत हा फाटा असतोच. एक फेर जास्त झाला, तर भिंत मेली, कॉल चुलीत. आज एक चुलीत गेला, एक झाला. ९० डॉलरला जाईल. लाकूड, स्क्रू, खडू मिळून १२ डॉलर. वेळ धरायचा नाही.

भिंतीला एक छापील तक्ता टांगलाय. जून ते ऑगस्ट दिसलेल्या माद्या आणि त्यांच्यामागची पिल्लं लिहायची. राज्यभरातले स्वयंसेवक १९५९ पासून हे करतात. गाईडच्या तक्त्यावर गेल्या उन्हाळ्यातल्या कित्येक ओळींत मादीपुढे शून्य आहे. २००४ च्या वसंतात मिझुरीत ६०,७४४ पक्षी मिळाले होते. अलीकडे आकडा पन्नास हजारांच्या आतच राहतो. पहिले काही आठवडे पिल्लांना खायला किडे लागतात. किड्यांना गवत लागतं. पावसाळी गारठ्यात भिजलेलं पिल्लू टिकत नाही.

संध्याकाळी ७.१५
उद्याच्या पाहुण्यासाठी वरचा कडा बघायचाय. बंदूक घरी. गाईड रस्त्यावरच थांबतो, आत जात नाही. सूर्यास्त पावणेआठला. टर्की अंधार पडायच्या आत झाडावर चढते, फडफड लांबूनही ऐकू येते. दोन माद्या चढल्या. मग एक नर. गाईड घुबडाचा आवाज काढतो. एकच उत्तर. थोड्या वेळाने पुन्हा काढतो. तोच नर, त्याच झाडावरून. गेल्या वर्षी याच कड्यावरून चार वेगवेगळी उत्तरं यायची.

रात्री ८.३०
घरी आल्यावर तो शेतमालकाला फोन लावतो. दोघं एका शाळेतले.

"वरचा कडा यंदा बंद ठेव. एकच नर उरलाय."

"उद्याच्या माणसाचे पैसे घेतलेत रे."

"त्याला दक्षिणेच्या कुरणावर बसवतो. तिथे आवाज आहेत. नको म्हणाला, तर पैसे परत कर. माझे दोनशे धरू नकोस."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"यंदापुरता की कायमचा?"

"जुलैत पिल्लं मोजू," गाईड म्हणतो. "मग सांगतो."