डबल बास : सरसाचे सांधे आणि तारांचा ताण

पाश्चात्य वाद्यवृंदात खर्जाच्या स्वरांचा भार ज्या तंतुवाद्यावर असतो, ते डबल बास नावाचे वाद्य बहुधा वादकाहूनही उंच असते. वादक त्याच्या बाजूस उभा राहून किंवा उंच बैठकीवर टेकून गजाने अगर बोटांनी त्याच्या चार तारा वाजवितो. सर्वांत जाड तारेची स्पंदने सेकंदास सुमारे ४१, तर सर्वांत बारीक तारेची सुमारे ९८ असतात. इतक्या खालच्या स्वरांसाठी मोठी पेटी लागते आणि एवढी पेटी भरीव लाकूड कोरून घडवावयाची म्हणजे वाद्य महाग पडणारच. म्हणून शाळा, हौशी मंडळे आणि होतकरू वादक यांच्या वाट्यास बहुधा स्वस्त वाद्य येते, आणि ते लवकरच दुरुस्तीची वाट धरते.

स्वस्त म्हणजे प्लायवुडचे आणि प्लायवुडचे म्हणजे टाकाऊ, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. अमेरिकेत शिकागो येथील ‘के’ या कंपनीने १९३० नंतरच्या दशकात प्लायवुडचे डबल बास मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला. शाळांनी आणि जॅझवादकांनी ते भरपूर वापरले, आणि त्यांपैकी कित्येक आजही वाजत आहेत. प्लायवुडच्या शेजारशेजारच्या थरांतील तंतू परस्परांना आडवे असतात. त्यामुळे भरीव फळी जशी तंतूंच्या दिशेने उभी चिरते, तसे प्लायवुड चिरत नाही. क्वचित थर सुटतात. तेव्हा पिचकारीच्या सुईने आत सरस सोडून दोन्ही बाजूंनी दाब दिला की काम भागते. वाईट वाद्याचा खरा दोष फळीत नसून सांध्यांत असतो.

हे सांधे किती ओझे वाहतात ते पाहण्याजोगे आहे. पोलादी तारा सुरात लावल्या की चौघींचा मिळून ताण १०० किलोग्रॅमहून अधिक भरतो. या तारा घोडीवरून जाताना वाकतात. त्यांच्या दोन भागांतील कोन १५० अंशांचा धरला, तर ताणाच्या निम्म्याहून किंचित अधिक जोर घोडीच्या पायांतून सरळ वरच्या फळीवर पडतो. म्हणजे काही मिलिमीटर जाडीच्या फळीवर अहोरात्र एक माणूस उभा असावा, तसाच हा प्रकार झाला. तोच ताण दुसऱ्या टोकाला दांडी पुढे ओढीत असतो.

दांडीचे बूड पेटीच्या वरच्या टोकास असलेल्या ठोकळ्यात कुसू व खाच यांच्या सांध्याने बसविलेले असते. उत्तम कारागीर हे कुसू पटाशीने इतके नेमके तासतो की सरस न लावताही दांडी डुगडुगू नये. घाईने बनविलेल्या वाद्यात मात्र कुसू लहान, खाच मोठी आणि मधली पोकळी सरसाने किंवा भुशाच्या लुकणाने भरलेली, असा प्रकार आढळतो. सरसाचे बळ पातळ थरात असते. दोन लाकडे एकमेकांना भिडलेली असतील तरच तो पकडतो. जाड थर वाळताना आकसतो, तडकतो आणि एखाद्या दिवशी दांडी निखळून पुढे येते. ताणलेल्या तारांनिशी ती सुटली, तर फळी फोडते आणि शेजारी उभ्या असलेल्यास इजाही करू शकते. दांडी व पेटी यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसली तरी तारा सैल करून वाद्य दुरुस्तीस न्यावे, ते एवढ्यासाठीच. दुरुस्तीत जुना सांधा वाफेने सोडवून खरवडतात, खाचेच्या कडांना कठीण लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवितात आणि कुसू पुन्हा तासून बसवितात. स्वस्त वाद्यात काही कारागीर बुडातून ठोकळ्यात एक जाड बोल्ट घालतात. जुन्या मताच्या कारागिरांस हे रुचत नाही. पण शाळेच्या वाद्यात त्यास हरकत घेण्याचे कारण दिसत नाही.

कोणता सरस वापरावा, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे. वाद्यकारांचा परंपरागत सरस जनावरांच्या कातड्यापासून काढतात. तो पाण्यात भिजवून सुमारे ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवितात. फार तापविल्यास त्याचे बळ जाते. वाळल्यावर तो काचेसारखा कडक होतो, आणि ऊब व ओलावा मिळताच पुन्हा सुटतो. बाजारातील पांढरा सरस लावण्यास सोपा असतो, परंतु सतत ताणाखाली तो अतिशय सावकाश सरकत राहतो. दांडीच्या सांध्यात हे मारक ठरते. इपॉक्सी सरकत नाही, पण नंतर सहजी सुटतही नाही. पुढच्या कारागिरास लाकूडच तोडावे लागते.

आणि सांधा सुटणे नेहमीच वाईट नसते. लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आकसते. हा बदल तंतूंच्या लांबीत नगण्य, पण आडव्या दिशेने कित्येक पट अधिक असतो. मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी हे वाद्य वाजविले, तेथे पावसाळ्यातील दमट हवा आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीतील थंड, कोरडी हवा अशा दोन्हींशी लाकडाची गाठ पडे. भरीव फळी आकसू लागली की कोठेतरी वाट हवी. म्हणून जाणता कारागीर वरच्या फळीच्या कडेस मुद्दाम पातळ सरस लावतो. फळी चिरण्याआधी कड सुटते, आणि ती पुन्हा चिकटविणे तासाभराचे काम असते. कारखान्यात हीच कड न सुटणाऱ्या चिकटद्रव्याने पक्की केलेली असली, तर चीर फळीच्या मध्यावर जाते. मग आतून स्प्रूस लाकडाचे लहान तुकडे चिरेवर आडवे चिकटवून ती थोपवावी लागते.

पेटीच्या आत, घोडीच्या बारीक तारेकडील पायाच्या किंचित मागे, स्प्रूसचा एक गोल खांब उभा असतो. त्याला सरस लावीत नाहीत. वरची फळी व पाठ यांच्या दाबानेच तो उभा राहतो. फ्रेंच व इटालियन भाषांत त्याला ‘आत्मा’ म्हणतात. स्वस्त वाद्यात हा आत्मा बहुधा आखूड किंवा सपाट टोकांचा असतो. टोके फळीच्या उतारास जुळत नाहीत आणि कडेवर टेकून आतून खड्डा पाडतात. नवा खांब तासून, वळणदार सळईने फळीच्या स्वररंध्रातून आत नेऊन, आरशात पाहत उभा करावयाचा, हे चिकाटीचे काम आहे. सर्व तारा एकदम काढल्या तर तो पडतो. तारा एकेक करून बदलाव्यात.

विद्यार्थ्याला जाणवणारा दोष मात्र वेगळाच असतो. घोडी फार उंच आणि दांडीवरची फळी उंचसखल, यामुळे तार फळीपासून दीड-दोन सेंटिमीटरांवर राहते. ती दाबता दाबता डावा हात दुखतो, सूर चुकतो, आणि दोष मुलाच्या माथी मारला जातो. स्वस्त वाद्यात आबनुसाऐवजी काळे रंगविलेले मऊ लाकूड वापरतात. पोलादी तारा त्यात लवकरच चरे पाडतात. रंध्याने ही फळी सारखी करून मध्ये अगदी थोडा खोलगटपणा ठेवतात, म्हणजे कंपणारी तार घासत नाही. नंतर घोडीचे पाय पेटीच्या बाकाशी तंतोतंत जुळेपर्यंत तासतात. या दोन कामांनी जेवढा फरक पडतो, तेवढा महागड्या तारांनीही पडत नाही.

दुरुस्तीचा खर्च कधी कधी वाद्याच्या किमतीएवढा होतो, तेव्हा क्रम ठरवावा लागतो. प्रथम दांडी, मग खांब व घोडी, नंतर फळी; रंगरोगणाचे ओरखडे तसेच राहू द्यावेत. आवाजात किती सुधारणा होईल, याची अपेक्षा मात्र बेताची असावी. डबल बासची पेटी ४१ स्पंदनांचा मूळ स्वर हवेत समर्थपणे सोडण्यास मुळातच लहान पडते. ऐकणाऱ्याचा कान वरच्या उपस्वरांवरून तो खालचा स्वर ओळखून घेतो, आणि हे उपस्वर घट्ट सांध्यांच्या साध्या प्लायवुडमधूनही पुरेसे निघतात. नव्याने जोडलेल्या वाद्याच्या तारा प्रथम सैलसर ठेवतात आणि काही दिवसांत थोड्याथोड्याने सुरापर्यंत चढवितात. तोवर घोडी पुढे झुकत नाही ना, हे रोज पाहावे लागते.