दहा गुंठ्यांचं गणित मांडणारे सर

बीड जिल्ह्यात पाणी आटले की माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. अशा मुलखाने श्री. अ. दाभोलकर सरांना विसरून चालणार नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठात सर गणित शिकवीत. पण जीव सारा बागेत. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’त शेतकरीच संशोधक झाले. तासगावचे द्राक्षबागाईतदार आपले अनुभव एकमेकांना मोकळेपणाने सांगू लागले.

सरांचा हिशेब साधा. झाडाचं पान उन्हावर अन्न तयार करतं. तेव्हा आधी पान सांभाळा, पीक मागून येतंच. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे नीट कसले तरी पुरतात, असे ते सांगत. पालापाचोळा जाळायचा नाही, मातीतच जिरवायचा.

सर २००१ साली गेले. त्यांच्या गणिताने उद्या ऊसतोड थांबेल, असे नव्हे. पण न्हाणीचे पाणी गटारात न सोडता परसात वळवले, चार केळी, पपई, शेवगा लावला, तर टोळी गेल्यावर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना घरची भाजी तरी मिळेल. त्यासाठी दहा गुंठेही लागत नाहीत.