भाषांतरित त्रुटिसंदेश आणि सॉफ्टवेअरची चाचणी

प्रस्तावना :
भिवंडी हे मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू भाषकांचे यंत्रमागनगर आहे. येथील विद्यार्थ्याला संगणकाने त्याच्याच भाषेत संदेश द्यावा, ही अपेक्षा रास्त होय. मात्र संदेशांचे भाषांतर होताच सॉफ्टवेअरच्या चाचणीत एक अडचण उद्भवते. तिचे स्वरूप व उपाय यांचा येथे विचार केला आहे.

समस्येचे स्वरूप :
चुकीची माहिती दिल्यावर प्रोग्राम अपेक्षित त्रुटीच दाखवतो का, हेही चाचणीत पाहावे लागते. समजा, गुणपत्रिकेच्या प्रोग्रामने १०० पैकी १०५ गुण नाकारावयाचे आहेत. ‘कोणतीतरी त्रुटी आली’ एवढेच तपासल्यास, गुणांची फाईल न सापडल्याने आलेली त्रुटीही ग्राह्य ठरते आणि मूळ दोष झाकला जातो.

म्हणून पुष्कळदा संदेशातील इंग्रजी वाक्य शोधले जाते. परंतु ‘आर’ या संख्याशास्त्रीय प्रणालीत आवृत्ती २.१.० (२००५) पासून संदेश भाषांतरित होतात. परिणामी प्रोग्राम निर्दोष असूनही तीच चाचणी फ्रेंच किंवा जर्मन भाषा निवडलेल्या संगणकावर अपयशी ठरते. मराठी वाक्य शोधणे तर अधिकच नाजूक. ‘फाइल’ व ‘फाईल’ ही दोन्ही रूपे रूढ आहेत; शिवाय ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना एकच दिसणारे शब्द संगणकाला भिन्न वाटतात.

उपाय :
तात्पुरता उपाय म्हणजे चाचणीपुरती संदेशांची भाषा इंग्रजी ठेवणे. मात्र नव्या आवृत्तीत इंग्रजी वाक्यही बदलू शकते. त्यामुळे त्रुटीची ओळख वाक्याबाहेर ठेवणे श्रेयस्कर. लिनक्समध्ये ‘फाईल नाही’ या त्रुटीचा क्रमांक २ आहे. संदेश कोणत्याही भाषेत आला तरी तो बदलत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये अनन्य मूल्याची पुनरावृत्ती झाल्यास २३५०५ हा संकेतांक मिळतो. पायथॉनमध्ये त्रुटीचा वर्ग तपासता येतो. ‘आर’मध्येही आवृत्ती ३.६.० (२०१९) पासून वर्गयुक्त त्रुटी निर्माण करण्यासाठी स्वतंत्र फंक्शन उपलब्ध आहे. उपरोक्त गुणपत्रिकेत ‘गुणमर्यादा’ असा वर्ग योजून चाचणीत तोच तपासावा.

निष्कर्ष :
संदेश माणसासाठी असतो, तर संकेतांक वा वर्ग यंत्रासाठी. ही विभागणी पाळली नाही, तर मराठी भाषांतरातील प्रत्येक सुधारणा चाचण्या मोडणारी ठरते आणि दोष मात्र भाषेच्या माथी येतो. ती पाळल्यास भाषांतरकाराला अधिक सुबोध शब्द निर्धास्तपणे योजता येतो. प्रोग्रामिंगच्या प्रात्यक्षिकांत ही सवय प्रारंभापासूनच रुजविणे अगत्याचे आहे.