टोमॅटोच्या झाडाला आधार



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरामागे न्हाणीच्या पाण्यावर काही ना काही लावलेले असते. थोडे अळू, एखादी केळ आणि दोन-चार टोमॅटोची झाडे. टोमॅटोला पाणी सगळे घालतात, शेणखतही घालतात. पण काठी रोवायची म्हटली की "बघू उद्या" असे होते. मी हे कुणाला नावे ठेवायला लिहीत नाही. गेल्या वर्षी मीही तेच केले आणि फळांनी भरलेले एक झाड माझ्या हातून गेले. ते तुमच्या घरी होऊ नये म्हणून हा लेख लिहिला आहे.

आधार का लागतो?

टोमॅटो हा वांगे, मिरची आणि बटाटा यांचा भाऊबंद. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. वांग्याचे व मिरचीचे खोड वाढेल तसे टणक होते, म्हणून ती झाडे आपली आपण उभी राहतात. टोमॅटोचे खोड मात्र मऊ व रसाळ असते. बरे, वेल म्हणावे तर कारल्यासारखे कुरळे ताणे त्याला नाहीत आणि घेवड्यासारखे काठीला वेढे घेणेही त्याला येत नाही. म्हणजे धड झाड नाही, धड वेल नाही. फळे लागली की ते वजनाने वाकते आणि जमिनीवर लोळते.

लोळले तर काय बिघडले, असे माझी आजी म्हणायची. बिघडते ते असे :

(१) मातीला टेकलेले फळ ओलीने सडते.
(२) पावसाचा थेंब मातीवर आपटला की चिखल पानांवर उडतो आणि त्याबरोबर करप्याची बुरशी पानांवर जाते.
(३) पाला दाटतो, आत वारा खेळत नाही, पाने ओली राहतात. मग रोग लवकर पसरतो.
(४) पिकलेले फळ आपल्याला दिसत नाही, कोंबड्यांना मात्र बरोबर दिसते!

आधार देण्याच्या रीती

पहिली रीत, एक काठी. चार-पाच झाडे असतील तर ही सर्वांत सोपी. साधारण पाच-सहा फूट लांबीची काठी घ्यावी व फूटभर जमिनीत रोवावी. बांबू चांगला, पण तो विकत आणावा लागतो. निरगुडीची सरळ फांदीही चालते. तुरकाठी फुकट मिळते, पण ती बारीक असते, म्हणून दोन-तीन एकत्र बांधून रोवाव्यात. काठी खोडापासून चार बोटे दूर असावी.

दुसरी रीत, तिकाटणे. झाडाभोवती तीन काठ्या रोवून त्यांची टोके वर एकत्र बांधायची. वारा कोणत्याही बाजूने आला तरी हे पडत नाही. जिथे वारा फार लागतो, तिथे हेच करावे.

तिसरी रीत, तार आणि सुतळी. आमच्या जुन्नर तालुक्यात शेतावर ही रीत तुम्ही पाहिलीच असेल. नारायणगावच्या बाजारात जाणारे टोमॅटो बहुतेक अशाच बांधणीवर वाढतात. माझे दादा (वडील) बांधणीच्या कामाला जातात, त्यांनी मला ही दाखवली. ओळीच्या दोन्ही टोकांना मजबूत डांब रोवून वर तार ओढायची. प्रत्येक झाडासाठी तारेवरून एक सुतळी खाली सोडायची आणि बुडाशी सैल फास द्यायचा. झाड वाढेल तसे सुतळीभोवती हलक्या हाताने गुंडाळत न्यायचे. या रीतीत पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणारी बगलफूट लहान असतानाच खुडावी लागते, नाहीतर एका सुतळीला सगळा भार पेलत नाही.

चौथी रीत, कुंपण. बुटक्या जातीची झाडे कंबरेएवढी वाढून थांबतात. त्यांची बगलफूट काढू नये, काढली तर फळे कमी येतात. अशा झाडाच्या चारी बाजूंना चार काठ्या रोवून फूट-फूट अंतरावर सुतळीचे वेढे द्यावेत. झाड आत आपोआप उभे राहते. आपली जात बुटकी की उंच, हे रोपे आणतानाच विचारून घ्यावे.

केव्हा आणि कसे बांधावे?

काठी रोप लावतानाच रोवावी. निदान रोप वीतभर असेपर्यंत तरी रोवावी. उशिरा रोवली तर ती पसरलेल्या मुळांत घुसते.

आता माझी चूक सांगते. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता. तेव्हा आई एक टोमॅटो दोन भाज्यांना पुरवायची. त्यामुळे गेल्या वर्षी आम्ही घरामागे चार रोपे लावली आणि ती सांभाळायचे काम माझ्याकडे आले. काठ्या रोवायचे मी रोज उद्यावर टाकत गेले. एका रात्री वारा-पाऊस झाला आणि सकाळी चारही झाडे आडवी! घाईघाईने काठ्या रोवल्या. तीन झाडे चिंध्यांनी बांधली. चिंध्या संपल्या, तेव्हा हाताला लागली ती जळक्या मोटारीतली तांब्याची तार घेऊन चौथे झाड आवळून टाकले. तेच सर्वांत मोठे होते, त्याच्यावर अकरा फळे मी मोजली होती.

पंधरा-वीस दिवसांनी भर पाण्यात ते झाड माना टाकू लागले. दादांनी पाला बाजूला केला तर तार खोडात रुतलेली. ते म्हणाले, "अगं, हा काय सरपणाचा भारा बांधलायस होय? झाड उद्या जाड व्हायचंय." तार काढली, पण झाड वाचले नाही. आईने हिरव्या फळांची चटणी केली. कुणी मला बोलले नाही, पण मला ती चटणी गोड लागली नाही.

तेव्हापासून मी असे बांधते. सुतळी, जुन्या लुगड्याची पट्टी किंवा केळीचे सोपट घ्यावे. तार आणि बारीक नायलॉन घेऊ नये. आधी खोडाला सैल वेढा द्यायचा, मग काठी आणि खोड यांच्यामध्ये एक पीळ द्यायचा, आपल्या चारच्या (४) आकड्यात रेघा एकमेकींना छेदतात तसा. मग गाठ काठीवर मारायची. पिळामुळे खोड काठीवर घासत नाही. वेढ्यात आपले एक बोट सहज फिरले पाहिजे. फळांच्या घोसाच्या देठाला कधीही बांधू नये, खोडालाच बांधावे. वीत-दीड वीत वाढले की वर नवा बंध द्यावा आणि जुने बंध घट्ट झाले आहेत का ते पाहावे. मातीला टेकणारी खालची पाने काढून टाकावीत.

हंगाम संपल्यावर काठ्या उपटून, धुऊन, कडक उन्हात वाळवाव्यात व कोरड्या जागी ठेवाव्यात. जमिनीवर टाकल्या तर वाळवी खाते.

यंदा शाळेच्या परसबागेत आम्ही सातवीच्या मुलामुलींनी टोमॅटोची बारा रोपे लावली आहेत. चारही रीतींवर प्रत्येकी तीन. पालकांनी जाताना स्वयंपाकखोलीच्या मागे जाऊन जरूर पाहावीत आणि बंधात एक बोट घालून बघावे. घट्ट वाटला तर आम्हाला सांगावे. आणि हो, यंदा सगळ्याच तुरकाठ्या चुलीत घालू नका, चार शाळेसाठी ठेवा!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी